‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ हे शब्द खोडायला लावल्याबद्दल

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मेंटॉरिंग उपक्रम संपताना एचआर विभागाने दिलेल्या अर्जात मार्गदर्शकाविषयी लिहायला दोन ओळींची जागा होती. तिथे ‘उत्तम मार्गदर्शन लाभले’ असे लिहून मी मोकळी झाले. ते खरे असले तरी फारच अपुरे आहे, आणि आपल्या चाकणच्या कारखान्यातील इतरांनीही ही हकीकत वाचावी असे वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

या उपक्रमात मी नाखुशीनेच नाव दिले होते. गुणवत्ता विभागात तीन वर्षे काढल्यावर मार्गदर्शक नेमला जाणे म्हणजे आपल्या कामावर मारलेला शेराच, अशी माझी समजूत होती. त्यात आपण टूल रूमचे, म्हणजे साचे-हत्यारे बनवणाऱ्या विभागाचे, माझ्या कामाशी थेट संबंध नसलेले. ही जोडी मुद्दाम तशी लावली होती, हे नंतर उमगले. ज्यांच्या हाती आपले वार्षिक मूल्यमापन असते, त्यांच्यासमोर ‘मला हे कळलेले नाही’ असे म्हणायला जीभ रेटत नाही. आपल्यासमोर मी ते तिसऱ्याच भेटीत म्हणून गेले.

निमित्त होते ग्राहकाकडून परत आलेल्या ॲल्युमिनियमच्या भागांचे. बोअर, म्हणजे पिन बसण्याचे गोल छिद्र, ५० मिलिमीटरचा, त्यावर जास्तीत जास्त २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मुभा. आमच्या नोंदींत सर्व मापे बरोबर, आणि ग्राहकाकडे मात्र पिन आत जाईना. सगळे भाग रात्रपाळीचे निघाल्यामुळे मी अहवालात मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ आणि उपाय म्हणून ‘पुनर्प्रशिक्षण’ असे लिहून टाकले होते. (आमच्या कपाटातील जुने अहवाल काढले, तर हेच शब्द किती वेळा सापडतील, हे न मोजलेलेच बरे.) आपण तो अहवाल शांतपणे वाचलात आणि एवढेच विचारलेत, “त्या जागी दुसरा माणूस उभा केला, तर माप बरोबर येईल का?”

मला उत्तर देता आले नाही. त्याच आठवड्यात, स्वतःची पाळी नसताना, आपण रात्री साडेअकराला माझ्यासोबत लाइनवर उभे राहिलात. दिवसा धुलाई यंत्रातून निघालेले भाग तासभर क्रेटमध्ये पडून राहत. रात्री क्रेट कमी पडत असल्यामुळे ते निघाल्याबरोबर मोजले जात. आपण एक भाग माझ्या हातात दिलात. तो चांगलाच कोमट होता. मग जॉब कार्डाच्या पाठीवर आपण हिशेब मांडून दाखवलात: ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते, म्हणजे दहा अंशांनी गरम असलेला ५० मिलिमीटरचा बोअर साडेअकरा मायक्रॉनने मोठा दिसणार, आणि जवळजवळ निम्मी मुभा तिथेच संपणार. मोजण्याचा गेज मात्र जुळवलेला होता खोलीच्या तापमानातील पोलादी रिंगवर. ऑपरेटर प्रामाणिकपणेच मोजत होते. भाग नंतर निवून आकसत होता. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असते, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, हे इथे कबूल करते.

उपाय साधा निघाला: मोजण्यापूर्वी भाग निववण्यासाठी एक रॅक आणि तापमानाच्या नोंदीचा एक रकाना. अवघड होते ते पुढचे. सुधारित अहवालावर नजर टाकून आपण विचारलेत, “आणि हे त्यांना कोण सांगणार?” माझ्या वडिलांच्या वयाच्या त्या ऑपरेटरांसमोर जाऊन मी चूक कबूल केली. “बरं झालं, मॅडम,” एवढेच म्हणून ते मशीनकडे वळले. त्यानंतर कोणत्याही अहवालात माणसाचे नाव लिहिण्यापूर्वी मी लाइनवर जाऊन येते.

उपक्रमाच्या कागदांवरील ‘नेतृत्वगुण विकास’ हा रकाना आपण दोघांनीही शेवटपर्यंत कोराच ठेवला, आणि महिनाअखेरच्या डिस्पॅचपायी आपल्या दोन भेटी हुकल्या, याची मला अजूनही चुटपुट आहे. पुढील तुकडीत एका प्रशिक्षणार्थी मुलीची मार्गदर्शक होण्याविषयी मला विचारणा झाली असून मी होकार कळवला आहे. पहिली भेट रात्रपाळीत, धुलाई यंत्रापाशीच ठेवणार आहे. आपल्याला सवड असल्यास जरूर यावे. चहाची व्यवस्था माझ्याकडे.

आपली कृतज्ञ,
गुणवत्ता विभागातील आपली विद्यार्थिनी