दम भरण्याआधी दरवाजा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला, घरात नासधूस करणाऱ्या कुत्र्यांवरचा लेख वाचला. 'कुरतडलेल्या वस्तूपाशी नेऊन कुत्र्याला चांगला दम भरावा, म्हणजे त्याला चूक कळते' हा त्यातला सल्ला मला खटकला, म्हणून लिहितो आहे. मी सुतार आहे. दुरुस्तीची बरीच कामे मला कुत्र्यांच्या कृपेनेच मिळतात, तेव्हा माझे म्हणणे धंद्याच्या विरुद्धच जाते. माझी मुलगी प्राण्यांची डॉक्टर आहे, खालच्या औषधोपचाराच्या गोष्टी तिच्याकडून खात्री करून घेतल्या आहेत.

खुर्ची-टेबलाचे पाय खालच्या बाजूला बारीक बारीक टोचल्यासारखे दिसले, की मी पहिल्यांदा पिल्लाचे वय विचारतो. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्यापर्यंत त्याचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येतात. हिरड्या शिवशिवतात, ते चावणारच. त्याला चावायला हक्काचे काहीतरी द्या, बाकीचे उचलून ठेवा, विजेच्या वायरी आधी. पुष्कळ गिऱ्हाइके उरलेला लाकडाचा तुकडा 'कुत्र्याला होईल' म्हणून मागतात. मी देत नाही. लाकडाच्या सली निघून हिरडीत, घशात रुततात. फार टणक हाडेही नकोत, वरची मोठी दाढ त्यावर चिरते. अंगठ्याचे नख दाबून खूण उमटली नाही, तर ती वस्तू त्याच्या दातांना जड, हे मुलीने सांगितलेले माप मला रंध्याइतकेच उपयोगी पडते.

सोफ्याची गादी फाडून फोम घरभर केलेला असेल, तर बहुधा वर्ष-दोन वर्षांचा, धडधाकट, दिवसभर रिकामा कुत्रा निघतो. त्याला नुसते धावडवण्यापेक्षा फिरताना मनसोक्त हुंगू द्यावे, जेवणही ताटलीत न वाढता शोधून खायला लावावे. एवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो. फोम किंवा दोरा पोटात गेल्याची शंका असली आणि कुत्रा ओकू लागला, खाईनासा झाला, तर मला फोन करू नका, थेट दवाखाना गाठा. आतडे अडकले तर वेळ हातात नसतो.

आता दरवाज्याचे. या पत्राचे खरे कारण तेच. आतल्या बाजूने कडीखालची चौकट सोललेली, फळीवर उभे खोल ओरखडे, कधी त्यात रक्ताचा डाग किंवा नखाचा तुकडा. बाकी खोली जशीच्या तशी, ठेवलेले खाणेही तसेच. हा कुत्रा मस्ती करत नव्हता. एकटे राहण्याच्या भीतीने तो बाहेर पडायचा प्रयत्न करत होता. घरची माणसे गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच हे बहुतेक सुरू होते. मोबाइलवर चित्रण लावून बाहेर पडा, येरझाऱ्या, धापा, लाळ, रडणे सगळे दिसेल. ते चित्रण डॉक्टरांना दाखवा.

अशा ठिकाणी 'दरवाज्याला पत्रा ठोकून द्या' अशी मागणी येते. पत्र्याने चौकट वाचते, पण घाबरलेला कुत्रा पत्र्यावर दात-नखे मोडून घेतो किंवा खिडकीकडे वळतो. पिंजऱ्यात कोंडला तर गजांशी तेच. दुसरा कुत्रा आणूनही सहसा भागत नाही, कारण त्याला हवी असतात ती माणसे. उपाय संथ आहे. किल्ल्या उचलायच्या आणि परत बसायचे. दाराबाहेर काही क्षण थांबून, तो घाबरायच्या आत परत यायचे. वेळ हळूहळू वाढवायची आणि तोवर त्याला जास्त काळ एकटे सोडायचे नाही. त्रास तीव्र असेल तर पशुवैद्य फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखे औषध या सरावाच्या जोडीला देतात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि मात्रा त्यांनीच ठरवायची.

'त्याला चूक कळते, तो मान खाली घालतो' असे आपल्या लेखात आहे. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमके हेच १४ कुत्र्यांवर तपासले. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याबद्दल मालकांना कधी खरे, कधी खोटे सांगितले. तो अपराधी चेहरा मालक रागावला की दिसे, खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट काहीच न करता बोलणी खाल्लेल्यांत तो अधिक दिसला. मग तासाभराने आलेला मालक ओरडतो तेव्हा भेदरलेला कुत्रा शिकतो काय? माणूस घरी येणे हीसुद्धा भीतीची गोष्ट आहे, एवढेच. दुसऱ्या दिवशी चौकट आणखी सोलली जाते.

फक्त ढग गडगडतात त्याच दिवशी तोडफोड होत असेल, तर ती आवाजाची भीती. म्हाताऱ्या कुत्र्याने नव्यानेच सुरुवात केली असेल, तर दुखणे तपासून घ्यावे. बागेतल्या खड्ड्यांबद्दल मी बोलत नाही, ते माळ्याचे काम.

गिऱ्हाइकांना माझे एक सांगणे असते. दरवाजा लगेच दुरुस्त करून घेऊ नका. सली टोचणार नाहीत इतपत घासून देतो आणि ओरखड्यांच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून देतो. जुना ओरखडा काळवंडतो, नवा पांढरा दिसतो, त्यामुळे सराव लागू पडतो आहे का ते तिथेच कळते. रेघेबाहेर बरेच दिवस काही उमटले नाही, की लांबी भरायला आणि पॉलिश करायला मी येतोच.

पुढच्या अंकात एखाद्या पशुवैद्याकडून या विषयावर लिहून घ्यावे, आणि तोवर दम भरण्याचा तो सल्ला मागे घेतल्याच्या दोन ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक सुतार वाचक