जुन्या मोटारसायकलचे टायर

महोदय,

माझ्या जुन्या स्प्लेंडरसाठी साताऱ्यात टायर घेताना दुकानदाराने कंपनीच्या २.७५-१८ मापाऐवजी त्याहून रुंद टायर सुचवत '१००/९०-१८ टाका, गाडी भारदस्त दिसेल' असा आग्रह धरला. मात्र रिम तीच अरुंद राहत असल्याने रुंद टायरचा आकार बिघडतो, तो साखळीच्या कव्हरला घासू शकतो आणि यवतेश्वर घाटाच्या वळणांवर गाडी जड वळते.

शेवटी मूळ मापाचा जो टायर हाती दिला, त्याच्या बाजूवर '२३१९' असे आकडे होते. म्हणजे तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी कोरी करकरीत, पण वर्षानुवर्षे पडून कडक झालेले रबर पावसात काय पकडणार? दुकानदाराने मात्र सवलत तेवढी सांगितली! विक्रेत्यांनी निर्मितीचा आठवडा व वर्ष पावतीवर लिहून द्यावे.

– एक वाचक, सातारा