पंपावर ऑक्टेनचा आकडा ठळक लिहा

महोदय,

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर (ई-२०) वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आलं. मायलेज किती घटलं, रबरी नळ्या टिकतील का, यावरच सगळी चर्चा झाली. इंजिनाच्या कॉम्प्रेशनचा, म्हणजे पेटण्याआधी हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं याचा, विषय कोणी काढला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोरिंग (सिलिंडर आतून कातणं) आणि हेड फेसिंगची (सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, घासून सपाट करणं) कामं करतो, त्यामुळे मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कॉम्प्रेशन जितकं जास्त, तितकं पेट्रोलचं ऑक्टेन जास्त लागतं. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग, मिश्रण अवेळी आपोआप पेटून होणारी टणटण, रोखण्याची पेट्रोलची ताकद.

तरुण मुलं बुलेट घेऊन येतात. ‘काका, हेड दोन मिलिमीटर घासून द्या, पिकअप पाहिजे.’ मी आधी कागद घेतो. मागच्या पिढीच्या साडेतीनशेच्या यूसीई इंजिनाचा (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच सांगाड्यात असलेलं) बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. कंपनीचं कॉम्प्रेशन ८.५ ला १. पिस्टन अगदी वर आला की साधारण ४६ सीसी जागा उरते. १ मिमी घासलं की त्यातली जवळजवळ चार सीसी जाते आणि कॉम्प्रेशन ९.२ च्या आसपास पोचतं. २ मिमी घासलं तर थेट १०. हवेवर थंड होणारं इंजिन, नॉक सेन्सर नाही. मागे माणूस बसवून करूळ घाटात वरच्या गिअरला ओढत नेलं की टणटण सुरू होते. तो आवाज अंगावर काढला की पिस्टनची कड खाल्ली जाते, रिंगांमधली भिंत तुटते. म्हणून या इंजिनाला मी नऊच्या पुढे नेत नाही. पाऊण मिलिमीटरमध्ये ते काम होतं. तेही हेड उलटं ठेवून, वर काच बसवून, ब्युरेटनं (मापाच्या काचनळीनं) सीसी मोजल्याशिवाय नाही.

मुलं मोबाइलवर अमेरिकन सल्ला दाखवतात: ‘हे कॉम्प्रेशन ९१ ऑक्टेनला चालतं.’ घोळ इथेच होतो. अमेरिकेत पंपावर लिहिलेला आकडा हा रिसर्च आणि मोटर या दोन ऑक्टेन मोजण्यांची सरासरी असतो. आपल्याकडे सांगितला जाणारा आकडा फक्त रिसर्च ऑक्टेनचा असतो. त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५ ते ९६. आपलं पूर्वीचं साधं ९१ त्यांच्या ८७ च्या, म्हणजे सर्वांत स्वस्त पेट्रोलच्या जवळपास बसतं. त्या भरवशावर घासून घेतलेली हेडं मी पाहिली आहेत. घासलेला धातू परत चढत नाही. मग जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवावं लागतं.

नवं ई-२० किमान ९५ चं आहे आणि ही खरंच चांगली गोष्ट आहे. इथेनॉल नॉकिंगला आवर घालतं. पण त्यात प्राणवायू असल्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण पातळ होतं. जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) न बदलता नुसतं कॉम्प्रेशन वाढवलं तर इंजिन तापतं. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत पाणी शिरलं, तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं आणि वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन उतरतं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मोजक्या पंपांवर मिळतं. त्याच्या जिवावर इंजिन बांधलं, तर कोकणात उतरल्यावर टाकीत काय भरायचं?

हे सगळं गणित पंपावरच्या एका आकड्यावर उभं आहे. मी जिथे पेट्रोल भरतो, तिथे साध्या पेट्रोलच्या नळीवर तो आकडा मला कधी दिसलेला नाही. महागड्या पेट्रोलच्या नावात मात्र तो मिरवलेला असतो. तेल कंपन्यांनी आणि पेट्रोलियम मंत्रालयानं प्रत्येक नळीवर, दराच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत दोन गोष्टी लिहाव्यात: किमान रिसर्च ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती टक्के. ऑक्टेन कोणत्या पद्धतीनं मोजलं, हेही त्या आकड्याशेजारीच असावं.

— एक बोरिंग व्यावसायिक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर