आधी आम्हाला विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचं, निदान झालं तेव्हा माझ्या हातात औषधांची चिठ्ठी आणि एक छापील पत्रक पडलं होतं. यंत्रमागावर हयात घालवलेल्या माणसाला फुफ्फुसाचं चित्र दाखवून चार बाण काढले की तो मान डोलावतो आणि घरी जातो. तुमच्या फुफ्फुस-पुनर्वसनाच्या, म्हणजे व्यायाम आणि श्वासाच्या पद्धती शिकवणाऱ्या, बॅचमध्ये आलो तेव्हाही मनाची तयारी तेवढीच होती. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी कोरे कागद वाटलेत आणि म्हणालात, "या आजाराबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय ते लिहा. लिहिता येत नसेल तर शेजारच्याला सांगा, तो लिहील."

या एका गोष्टीसाठी हे पत्र उघडपणे लिहितो आहे. व्यायाम दुसऱ्या कुणीही करून घेतला असता. आम्हाला शिकणाऱ्यांच्या जागी बसवून शिकवणाऱ्यांचंही काम दिलंत, ते तुम्हीच.

त्या चिठ्ठ्यांमध्ये काय काय निघालं! पंपाची (तोंडाने ओढायच्या औषधाच्या इनहेलरची) सवय लागते का? ऑक्सिजन लावला म्हणजे शेवट जवळ आला का? जानेवारीत गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, जाता येईल का? आणि एक चिठ्ठी होती: बायकोजवळ जाताना दम लागतो, हे विचारायचं कुणाला? ती तुम्ही वाचलीत, कुणाची म्हणून विचारलं नाहीत. पोटभर जेवल्यावर लगेच नको, आधी डॉक्टरांनी सांगितलेला पंप घ्या, छातीवर भार येणार नाही असं बघा, इतक्या सरळपणे सांगितलंत की हॉलमध्ये कुणी खाली बघितलं नाही. पंपाबद्दल म्हणालात, औषध थेट फुफ्फुसात जातं म्हणून थोडकंच लागतं. आजार कायमचा आहे म्हणून औषधही रोजचं आहे, याला व्यसन म्हणत नाहीत. त्या दिवसानंतर आमच्यातल्या दोघांनी बंद केलेला पंप पुन्हा सुरू केला.

ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, हे आधीही कुणीतरी सांगितलं होतं. का सोडायचा ते कळत नव्हतं. तुम्ही समजावलंत की या आजारात हवा आत अडकून राहते, बाहेर पडायला वेळ घेते, म्हणून नव्या श्वासाला जागाच उरत नाही. त्यावर एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका पटकन म्हणाले, "म्हणजे उतरणारे उतरल्याशिवाय चढणाऱ्यांनी घुसायचं नाही." तुम्ही लगेच त्यांना पुढे बोलावलंत आणि सगळ्यांना परत सांगायला लावलंत. आता जिना चढताना मला आपोआप ते आठवतं. थांबलो की श्वास घेतो, पायरी चढताना सोडतो.

पंप घेण्याची पद्धत तुम्ही जोड्या लावून तपासायला दिलीत. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत ओढायला लागलं की दाबायचं, मग जमेल तसा दहा सेकंदांपर्यंत श्वास धरायचा, स्टेरॉइडचा पंप असेल तर शेवटी चूळ भरायची. एक आजोबा औषध तोंडात मारून तोंड मिटून घ्यायचे. हे त्यांच्या जोडीदाराने, एका रिक्षावाल्या तरुणाने, पकडलं. तुम्ही त्यांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावायला शिकवलंत खरं, पण रोज विचारणा करायचा तो तरुण. एक रुग्ण दुसऱ्याला सांगतो तेव्हा त्यात दटावणी नसते, हे मी तिथे बघितलं.

आणि आमच्या अक्का. तेलुगू बोलणाऱ्या, जन्मभर विड्या वळलेल्या, स्वतः एकही विडी न ओढलेल्या. सोलापुरात अशा घराघरात आहेत. तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर दोन्ही त्यांच्या वाट्याला आलं. धूम्रपान न करणाऱ्यालाही हा आजार होतो, हे आमच्यातल्या कित्येकांना तिथेच कळलं. तुम्ही त्यांना घरून विड्या वळायचं सूप आणायला सांगितलंत आणि आमच्यासमोर विड्या वळायला बसवलंत. तेव्हा दिसलं की त्या पुढे वाकून, कोपर हवेत ठेवून, श्वास अडवून काम करतात. मग बॅचनेच उपाय काढले: पाठ भिंतीला, कोपराखाली उशी, तंबाखू चाळणं घराबाहेर वाऱ्यात. अक्कांनी ते मराठी न समजणाऱ्या दोघींना तेलुगूत समजावलं. पुढच्या वेळी तुम्ही त्यांच्या नवऱ्यालाही बोलावलंत, कारण आंघोळीचं पाणी चुलीवर तापवायचं की नाही हा निर्णय एकट्या अक्कांचा नव्हता.

माझंही तसंच. हात खांद्याच्या वर गेले की मला धाप लागायची, दोरीवर चादर वाळत घालणंही व्हायचं नाही. तुम्ही माझ्याकडून त्याचाच व्यायाम करून घेतलात.

तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत, याचे वेगळे आभार. गेलेली फुफ्फुसं परत येत नाहीत, असं स्पष्ट सांगितलंत. पायांची, हातांची ताकद वाढते, तेवढ्याच श्वासात जास्त काम होतं, भीती कमी होते. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत आकडा वाढलेला तुम्ही मला माझ्याच हाताने वहीत लिहायला लावलात. मुलाने मला नंतर वाचून दाखवलं की अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने २०१३ मध्ये केलेल्या पुनर्वसनाच्या व्याख्येत व्यायामाच्या बरोबरीने शिक्षण आणि सवयी बदलणं आहे. तुमच्या हॉलमध्ये ते कसं होतं हे आम्ही पाहिलंय.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी ठरवलेल्या सूचना तुम्ही आम्हाला आमच्या शब्दांत कार्डावर उतरवायला सांगितल्यात. माझ्या कार्डावर आहे: "बेडका हिरवा-पिवळा झाला, जास्त पडू लागला, नेहमीपेक्षा धाप वाढली, की वाट बघायची नाही, फोन करायचा. ओठ निळे पडले, वाक्य पुरं होईना, गुंगी आली, की थेट दवाखाना." आणि घरी बायकोला हे कसं सांगाल, ते मला सांगून दाखवा, म्हणालात. म्हणून या थंडीत बेडक्याचा रंग आधी तिने ओळखला. वेळेत फोन झाला, औषध बदललं, भरती व्हावं लागलं नाही.

ताई, एक विनंती आहे. विडी कामगार बायांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते, सकाळची बॅच म्हणजे त्यांचा रोज बुडतो. म्हणून अक्कांच्या गल्लीतल्या तिघी यायच्या राहिल्या. कारखान्यात विड्या देऊन झाल्यावर, संध्याकाळी एखादी बॅच ठेवता आली तर बघा. चिठ्ठ्या लिहून द्यायला मी येईन, तेलुगूसाठी अक्का तयार आहेत, आणि कंडक्टर काकांना मी विचारलंय, त्यांनी हो म्हटलंय.

आपला कृतज्ञ,
बॅचमधला एक यंत्रमाग कामगार
अशोक चौक, सोलापूर