‘कोपऱ्यात बघ’ असं न म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे. तरी पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर दृष्टिहीनांना बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, मराठी लिहू पाहणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

कीबोर्डची भाषा कशी बदलायची, हे मी आधी बऱ्याच जणांना विचारलं होतं. उत्तर ठरलेलं: खाली उजव्या कोपऱ्यात बघ, इंग्रजी की मराठी ते तिथे दिसेल, त्यावर क्लिक कर. सांगणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या उत्तराचा मला काडीचा उपयोग नव्हता. तुम्ही फोनवर म्हणालात, “थांब, मी पण एनव्हीडीए टाकून घेते, मॉनिटर बंद करते, मग सांगते.” एनव्हीडीए म्हणजे मी वापरते तो स्क्रीन रीडर. आणि खरंच दुसऱ्या दिवशी फोन केलात. त्यानंतर तुमच्या तोंडून ‘बघ’ हा शब्द आला नाही. कुठली की दाबायची आणि दाबल्यावर काय ऐकू यायला हवं, एवढंच तुम्ही सांगत गेलात.

सुरुवातीलाच तुम्ही एक गाठ सोडवलीत. कीबोर्डची भाषा वेगळी आणि बोलणाऱ्या आवाजाची भाषा वेगळी. कीबोर्ड मराठीवर आहे पण आवाज फक्त इंग्रजी जाणणारा, तर तो देवनागरी अक्षरांवर गप्प बसतो किंवा भलतंच काही बोलतो, आणि आपल्याला वाटतं टाइपच होत नाहीये. म्हणून आधी ईस्पीकचा, म्हणजे एनव्हीडीएसोबत येणाऱ्या बोलक्या आवाजांच्या संचातला, मराठी आवाज लावायला लावलात. मगच कीबोर्डकडे वळलात.

विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्डही मिळतो, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी लिहिणारा. माझ्याकडे तो, इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण मांडणी आणि इंग्रजीचे दोन, अशी गर्दी झाली होती. तुम्ही इन्स्क्रिप्ट आणि एक इंग्रजी, असे दोनच ठेवायला सांगितलंत. त्यामुळे विंडोज-की धरून स्पेस दाबलं की या भाषेतून त्या भाषेत, पुन्हा दाबलं की परत. प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवायची सोयही बंद करायला लावलीत. कानाने काम करणाऱ्याला आपण न दाबता बदललेली भाषा नको असते, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

आणि ती महत्त्वाची सूचना: भाषा बदलल्यावर एनव्हीडीए तिचं नाव बोलतो, ते पूर्ण ऐकेपर्यंत दुसरी कुठलीही की दाबायची नाही. पुढची की दाबली की आवाज मध्येच तुटतो, आणि तुटतं ते नेमकं आपल्याला हवं असलेलं नाव.

तरीही शंका आली तर एच दाबायचं. ‘एच’ ऐकू आलं तर इंग्रजी, ‘प’ ऐकू आलं तर इन्स्क्रिप्ट. के का नाही, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “के आणि क घाईत सारखेच वाटतात गं.” मॉनिटर बंद करून स्वतः करून पाहिल्याशिवाय हे कुणाला सुचणार नाही. टाइप केलेली अक्षरं बोलली जात नसतील तर एनव्हीडीए-की (एरवी इन्सर्ट) धरून २, हेही तेव्हाच कळलं.

पासवर्डच्या चौकटीत मात्र एचचा उपाय चालत नाही. तिथे कुठल्याही भाषेत फक्त ‘स्टार, स्टार’ ऐकू येतं. तुमचा मार्ग साधा: शिफ्ट-टॅबने मागे युजरनेमच्या चौकटीत जायचं, शेवटी एच दाबून ऐकायचं, खोडायचं, मग पुढे. आता हाताला इतकी सवय झाली आहे की विचारही करावा लागत नाही.

सगळ्यांत मोठा आनंद इन्स्क्रिप्टने दिला, आणि तोही तुमच्या आग्रहामुळे. एफ आणि जे या कींवरचे उंचवटे बोटांना लागले की डावीकडे पहिली वेलांटी, उजवीकडे र. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘किती’ लिहायचं तर क, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. डोळ्यांना ती पहिली वेलांटी क-च्या आधी दिसते, म्हणून पाहून शिकणारे तिथे अडखळतात असं तुम्ही सांगितलंत. मला अडखळायचं कारणच नव्हतं. उच्चाराचा क्रम तोच टाइप करण्याचा क्रम आणि बाणाच्या कीने एकेक अक्षर ऐकण्याचाही. आपल्या भाषेत लिहिताना मी कुणाच्या मागे नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. त्याबद्दल आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत.

एनव्हीडीए २००६ मध्ये सुरू करणारे मायकेल करन स्वतः दृष्टिहीन आहेत, आणि एनव्हीडीए आजही मोफत आहे. त्यांचेही आभार इथेच मानते. पण तो मराठीत माझ्यापर्यंत पोचला तो तुमच्यामुळे.

तुमच्या सगळ्या सूचना मी मराठीत टाइप करून ठेवल्या आहेत आणि नव्याने शिकणाऱ्यांना देते आहे. सोबत पाठवते. पासवर्डचा भाग एकदा मॉनिटर बंद करून तपासा आणि काही राहिलं असेल तर कळवा.

तुमची,
एक विद्यार्थिनी