मशीनला इशारा एकानेच करावा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बिल्डिंग पडली की पेपरात मेले किती, जखमी किती, बिल्डर कोण, नोटीस दिली होती का हे सगळं येतं, पण ढिगाऱ्यावर चालू मशीनच्या आजूबाजूला फायर ब्रिगेडची पोरं कशी काम करतात यावर कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितोय. मी पोकलेन चालवतो, भाड्याच्या मशीनवर. रात्री-अपरात्री ठेकेदाराचा फोन आला की निघायचं.

तिथं गेल्यावर बघावं तर एक साहेब म्हणतो घे घे, कुणीतरी पुढारी म्हणतो इकडून उचल, पब्लिक मोबाईल धरून ओरडतंय आणि खाली जवान हात करतोय थांब थांब. इंजिनच्या आवाजात केबिनमध्ये ऐकू काहीच येत नाही, नुसते हात दिसतात, त्यातला मानायचा कुणाचा? पोकलेनची केबिन डावीकडे असते, उजवीकडे बूम (बकेट धरणारा मशीनचा लांब हात) आडवा येतो, तिकडं माणूस उभा असला तर दिसतच नाही. आणि मागचं काउंटरवेट. सगळ्यांचं लक्ष पुढं बकेटकडे, पण मशीन फिरलं की मागचं वजनही फिरतं, ते वजन आणि भिंत यांच्यामधे कोणी सापडला तर संपलंच. साइटवर आमचे जुने हेल्पर तिकडं फिरकत पण नाहीत. जवानाला हे सांगणार कोण, आणि आम्हाला तरी रेस्क्यूचं कोणी काय शिकवलंय!

मधेच आतला आवाज ऐकायला सगळी मशीन बंद करायला लावतात, ते बरोबरच आहे. २४ ऑगस्ट २०२० ला महाडला तारिक गार्डन बिल्डिंग पडली तेव्हा १९ तासांनी ४ वर्षांचं पोर जिवंत निघालं, मग आशा कोण सोडेल. पण बंद म्हटलं रे म्हटलं की जवान लगेच पुढं होऊन वाकतात, कान लावतात, आणि डोक्यावर बकेट तशीच लटकलेली असते. आधी बकेट खाली टेकवायची, सीटजवळचा लॉक लिव्हर लावायचा (तो लावला की जॉयस्टिकला चुकून हात लागला तरी मशीन हलत नाही), मग इंजिन बंद, मग माणूस पुढे. मिनिटभराचं पण काम नाही हो हे.

दलाने प्रत्येक मशीनमागे एक माणूस ठरवावा, त्याला वेगळ्या रंगाचं जॅकेट द्यावं आणि मशीन हलवायचा इशारा फक्त त्याने करावा. थांबचा मात्र कोणीही करावा, आम्ही थांबू. साहेब लोकांनीही हे पाळावं, खरी अडचण तिथंच आहे.

१४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो, शाळेच्या पोरांना बंब दाखवतात, छान आहे, दाखवा. त्यातच एक दिवस आम्हा भाड्याच्या ऑपरेटरांना फायर स्टेशनला बोलवा आणि जवानांसोबत सराव करून घ्या. मशीन आम्ही आणतो, डिझेल तेवढं पालिकेने टाकावं.

आपला,
एक पोकलेन ऑपरेटर, कल्याण