खंड सरकतात ते मोजतात कसं, हेही छापा

संपादक साहेब,

भूकंपाच्या बातमीत 'प्लेट (म्हणजे खंड ज्यांवर आहेत ते पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे) सरकल्या' एवढं एक वाक्य येतं आणि विषय संपतो, पण हे सरकणं मोजतात कसं ते कुणी सांगतच नाही आणि खरी कमाल तर तिथेच आहे. अब्जावधी प्रकाशवर्षं लांबच्या क्वेसारकडून (म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतिशय तेजस्वी केंद्राकडून) येणाऱ्या रेडिओ लहरी दोन खंडांवरच्या अँटेना एकाच वेळी पकडतात, लहर एकीकडे किंचित उशिरा पोचते, तो फरक अणुघड्याळांनी मोजला की दोन्ही अँटेनांमधलं अंतर निघतं, तेही हजारो किलोमीटरचं आणि काही मिलिमीटरच्या अचूकतेने! वर्षानुवर्षं असं मोजल्यावर थेट दिसलं की युरोप आणि उत्तर अमेरिका दरवर्षी साधारण 2 सेंटीमीटर लांब जातायत, म्हणजे आपली नखं वाढतात जवळपास त्याच वेगाने. शिवाय 1976 मध्ये सोडलेला लॅजिओस उपग्रह आहेच, नुसता आरशांनी मढवलेला गोळा, जमिनीवरून लेसर मारायचा आणि परत यायला लागलेला वेळ मोजायचा, की अंतर कळतं आणि लेसर मारणारं ठिकाण किती सरकलं तेही. आणि जीपीएस! 2011 च्या जपानच्या भूकंपात ओशिका द्वीपकल्पावरचं स्टेशन 5 मीटरहून जास्त पूर्वेला सरकलं, हे जीपीएसनेच दाखवलं.

जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरने 1912 मध्ये खंड सरकतात म्हटलं तेव्हा बहुतेकांनी उडवून लावलं, कारण खंड कशाच्या जोराने सरकतात हे त्याला पटेल असं सांगता आलं नाही, आणि इतकं बारीक मोजायचं साधनही तेव्हा नव्हतं. पुढच्या भूकंपाच्या बातमीसोबत एक छोटी चौकट यावर द्याच, मुलं आवडीने वाचतील.

एक वाचक